पांढरा खडू

माधवनगर,
९ ऑक्टोबर २०२३

सौ. क्रांतीस,

मी येथे खुशाल आहे. तू, पूजा व आबा खुशाल असाल अशी आशा करतो. जेवण ठीक आहे. हवा ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो. काळजी नसावी.

येथे फोन जवळ ठेवू देत नाहीत. रविवारी ऑफिसातून बोलता येतं. पण मागच्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तू विचारलंस, "आहात का?" आणि मी गप्प राहिलो. मग तूही गप्प राहिलीस. शेवटी पूजानं फोन काढून घेतला. तेव्हा पत्र बरं. फौजेतल्या इतक्या वर्षांनी आपल्याला पत्राची सवय आहे.

हे उपचार केंद्र म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या कामगार चाळीतल्या खोल्या आहेत, दुरुस्त केलेल्या. सकाळी डॉक्टर येतात. दुपारी चित्रांचा तास असतो. तो मायाताई घेतात. तास म्हणायचं एवढंच, शिकवत काही नाहीत. मोठ्या टेबलावर कागद, खडू, रंग आणि शाडू मांडतात आणि आमच्याबरोबर बसतात. मला यातलं काही येत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आबांना नमस्कार. पूजाला आशीर्वाद.

जयराज


रहिमतपूर,
१४ ऑक्टोबर २०२३

अहो,

तुमचं पत्र मिळालं. आबांनी ते ओट्यावर बसून वाचलं, पूर्वी वाचायचे तसंच, मोठ्यानं. शेजारची माणसं येऊन बसली होती. गोळ्यांची ओळ आली तेव्हा आबा थांबले आणि सरळ पुढच्या ओळीवर गेले. फोनचंही वाचलं नाही. एवढ्यातच पत्र संपलं की, असं कुणीतरी म्हणालं.

आबांनी गावात सांगितलंय की तुम्ही सांगलीला कोर्सला गेलाय. "रिटायर झाल्यावर कसला आलाय कोर्स?" असं एकानं विचारलं. तर पूजा आतून म्हणाली, "ड्रॉइंगचा." आबा संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

इथे सर्व ठीक. ऊस चांगला आहे. पूजाची चाचणी झाली, गणितात बरे मार्क आहेत.

फोनवर मी "आहात का" म्हटलं ते आवाज येत नव्हता म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. तुम्हाला का लागलं ते मला कळलं नाही. कळलं तर बरं होईल.

दुपारची पॅसेंजर स्टेशनात शिरताना भोंगा देते. "आई, ही गाडी माधवनगरवरनंच येते," असं पूजा काल म्हणाली. मला ते ठाऊक होतं. तरी तिनं म्हटलं म्हणून बरं वाटलं.

क्रांती


माधवनगर,
२५ ऑक्टोबर २०२३

क्रांती,

या वेळी पाकिटावर आबांचं नाही, तुझं नाव घातलं आहे. आबांनी फोडलं नाही तर बरं.

काल दसरा झाला. सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. मी चित्र काढलं. तू हसशील. आपल्या विहिरीवरचा आंबा काढला आणि सवयीनं कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशा दाखवली. फौजेत रेखाटन म्हणजे तेच शिकलो, टेकडी कुठं, नाला कुठं, उत्तर कुठं. माझ्या शेजारी अर्जुना म्हणून एक म्हातारा बसतो. त्याचा मुलगा वारल्यापासून तो इथं येतो. तो म्हणाला, "हवालदार, आंबा कुणीकडनं बी खाल्ला तरी ग्वाडच लागतो की. उत्तर कशाला दावताय?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

मायाताई हसल्या नाहीत. चित्र चांगलं आहे असंही म्हणाल्या नाहीत. हे काय आहे, असं त्या कधीच विचारत नाहीत. त्यांनी विचारलं, "या चित्रात तुम्ही कुठं उभे आहात?" मी बोट ठेवलं ते कागदाच्या बाहेर, टेबलावर. "मग तिथं कागद जोडू या का?" म्हणाल्या. जोडला. त्या जोडलेल्या कागदावर मी काहीच काढलं नाही. तो तसाच भिंतीवर लावला आहे, आंब्याच्या चित्राला चिकटून.

एवढंच झालं. यानं काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण त्या टेबलाशी बसलो की दार उघडं आहे की बंद, हे बघायचं राहून जातं. नंतर आठवतं.

मी घरी आल्यापासून ओट्यावर झोपतो, आत येत नाही. तुला राग येत असेल. तू कधी बोलली नाहीस.

जयराज


रहिमतपूर,
३० ऑक्टोबर २०२३

अहो,

पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. आबा बघत होते.

राग येत नाही. येत होता, पहिले काही महिने. आता फक्त आत बसून कान देते, तुम्ही कूस बदलली का, उठलात का.

एक गोष्ट लिहून टाकते. तिकडे बर्फात तुमच्या तुकडीवर कडा कोसळला तेव्हा हॉस्पिटलातून तुमचं पत्र आलं, मी खुशाल आहे, थंडीनं थोडा ताप आहे. आबांनी ते ओट्यावर वाचलं. तुमच्या तुकडीतला धुळा गेला हे मला पेपरातून कळलं. त्याच्या आईचा फोटो होता, आटपाडीचा. राहीबाई नाव लिहिलं होतं. धुळा आपल्या घरी आला होता तेव्हा त्यानं आईनं दिलेलं घोंगडं आबांसाठी आणलं होतं. "आबा, ह्येच्यात पाऊस शिरत न्हाई, आन् आमच्याकडं पाऊसच न्हाई," असं म्हणून आबांना हसवलं होतं. ते घोंगडं आबा अजून पांघरतात. तुम्हाला ते दिसलं की तुम्ही उठून जाता. ते मी बघितलंय.

काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. सांगता येत नसेल तर सांगू नका. पण मला खुशाल असं लिहू नका. ते आबांना लिहा.

क्रांती


माधवनगर,
५ नोव्हेंबर २०२३

क्रांती,

खुशाल लिहीत नाही.

सोबत एक कागद आहे. तो तुझा. आबांना दाखवू नकोस. यापेक्षा जास्त मला जमत नाही.

जयराज


रहिमतपूर,
९ नोव्हेंबर २०२३, वसुबारस

अहो,

पाकीट उघडलं, कोरा कागद बघितला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दूध उतू गेलं ते पूजानं बघितलं.

तुम्ही विसरला असाल असंच मी धरलं होतं. लग्न झालं तेव्हा तुमचं पत्र आलं की आबा ओट्यावर वाचायचे आणि मी आत भाकरी थापत ऐकायची. सगळ्यांची नावं असायची, बैलांचं सुद्धा विचारलेलं असायचं. माझ्यासाठी एक ओळ नाही. मग तुम्ही पाकिटात एक कोरा कागद घालायला लागलात. आबा म्हणायचे, "ह्यो कोरा कागद कशाला धाडलाय?" आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "उत्तराला दिलाय, द्या हिकडं." तो माझ्या हातात यायचा. त्यावर काही लिहिलेलं नसायचं, आणि तेवढंच माझं पत्र असायचं. काही दिवस उशीखाली ठेवायची. मग त्यावरच उत्तर लिहून तुम्हाला परत पाठवायची.

आजही त्याच कागदावर लिहिते आहे. उशीखाली ठेवला नाही, कारण दिवाळी जवळ आली.

पेन मधेमधे उठत नाही. कागदाला तेल लागलंय की काय, तिथल्या स्वयंपाकघरात ठेवला होता का? अक्षरं तुटतात. गिरवून बघितलं तरी तिथं उठत नाहीत. समजून घ्या.

सुताराला बोलावून मधल्या खोलीचं दार काढून घेतलं. आबा म्हणाले, "घराला दार न्हाई म्हंजे काय? कुत्री शिरतील." मी म्हणाले, "शिरू देत." दार गोठ्यात उभं करून ठेवलंय. आता ओट्यापासून परसापर्यंत सरळ उजेड येतो. तुम्ही आत झोपलात तरी आभाळ दिसेल, मी पडून बघितलं.

आणखी एक. तुम्ही गेल्यापासून मी ओट्यावर झोपते. तुम्ही काय बघत पडायचा ते कळावं म्हणून. चिंच दिसते, बाकी काही नाही. तुम्हाला काय दिसत होतं ते कळलं नाही.

दिवाळीला या. दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर येते.

क्रांती


रहिमतपूर,
२१ नोव्हेंबर २०२३

अहो,

दिवाळी झाली. तुमचं पत्र नाही.

मी पाडव्याला स्टेशनवर गेले होते. भाऊबीजेला पुन्हा गेले, तेव्हा पूजा सोबत होती. गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी गेली. परत येताना पूजा म्हणाली, "आई, बाबा उतरले असते तर आपण काय बोललो असतो?"

रविवारी ऑफिसात फोन केला. बोलायला येत नाही म्हणतात, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

मी काही चुकीचं लिहिलं का? दार काढलं ते आवडलं नाही का? ते परत बसवता येतं. की अक्षरं तुटली म्हणून वाचताच आलं नाही? एवढं कळवा. मग मी विचारणार नाही.

क्रांती


माधवनगर,
२८ नोव्हेंबर २०२३

क्रांती,

तो कागद कोरा नव्हता. त्यावर चित्र होतं. पांढऱ्या मेणाच्या खडूनं काढलेलं.

खडूंच्या डब्यात सगळे रंग झिजलेले असतात, पांढरा तेवढा नवाच्या नवा. मी तो घेतला, कारण बर्फ पांढरं असतं. त्यापलीकडे विचार केला नाही. कागद खिडकीशी तिरका धरला की मला रेघा दिसायच्या, मेणाची चकाकी असते तशा. तुलाही दिसतील असं धरून चाललो. आपल्या कोऱ्या कागदांची मला आठवण राहिली नव्हती. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

कागद परत आला तो तुझ्या काळ्या अक्षरांनी भरलेला. मला वाटलं, तू चित्र बघितलंस आणि त्याच्यावरून लिहीत गेलीस. मी पत्र वाचलंच नाही. कागद गादीखाली घातला. टेबलाशी जायचं बंद केलं. दिवाळीत इथं पणत्या रंगवल्या, तेव्हाही खोलीतच होतो. तुझा फोन आला तेव्हाही.

मायाताई बोलवायला आल्या नाहीत. अर्जुना आला. म्हणाला, "हवालदार, तुमची खुर्ची बाई कुणाला देत न्हाईत. मांजर बसलं तर त्येला बी उठवत्यात. आमी उभं ऱ्हायचं का काय?" म्हणून गेलो. कागद त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, हे बघा काय केलं तिनं.

त्यांनी कागद तिरका करून बघितला, मग सरळ करून बघितला. म्हणाल्या, "क्रांतीताईंना यातलं काही दिसलं असेल का?"

हा प्रश्न मी स्वतःला केला नव्हता.

मग त्यांनी वाटीत निळा रंग पातळ करून दिला आणि ब्रश सरकवला. मेणावर पाणी थांबत नाही, बाजूला सरतं. मी वरून खाली रंग देत आलो. तुझी शाई पुसली गेली नाही. कागद निळा झाला आणि खडू फिरला होता तेवढं पांढरं उरलं. कडा उरला. तंबू उरला. खाली दोन माणसं उरली. एक धुळा, एक मी.

तुझ्या ओळी तिथवर येतात, तुटतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. पेन जिथं उठलं नाही ती सगळी आमची जागा आहे. तुला काही दिसत नव्हतं आणि तू आमच्याभोवती लिहीत गेलीस. विहीर बांधतात तसं.

मग पत्र वाचलं. तुटलेलं सगळं वाचता आलं.

मीही खाली होतो, क्रांती. ते तुला लिहिलं नव्हतं. बर्फाखाली अंधार असेल असं वाटतं. नसतो. पांढरं असतं, सगळीकडून सारखं. धुळा माझ्यापासून हातभर अंतरावर असेल. दिसत नव्हता, ऐकू येत होता. तो विचारायचा, "हवालदार, हाय का?" मी म्हणायचो, "हाय." मग तो काहीतरी बोलायचा. आईच्या मेंढरांचं, आटपाडीचं. तिकडे पोचलो त्याच दिवशी तो म्हणाला होता, "एवढं पाणी नुसतं पडून हाय. आमच्याकडं धाडा की कुणीतरी." खाली सुद्धा एकदा तेच म्हणाला. मला हसायला आलं होतं. हसायला जागा नव्हती.

मग त्याचं विचारणं थांबलं. मग मी विचारायला लागलो, "धुळा, हाय का?" मला वर काढलं तेव्हाही तेच विचारत होतो, असं मागून सांगितलं.

घरी आल्यावर तू आतून विचारायचीस, "आहात का ओट्यावर?" फोनवरही तेच. तुझा त्यात काही दोष नाही. सगळेच तसं विचारतात. पण मला उत्तर देता यायचं नाही. तो प्रश्न धुळाबरोबर संपून गेला होता.

हे सगळं मी मायाताईंना सांगितलं, पण त्यांच्याकडे बघून नाही. चित्राकडे बघत सांगितलं. चित्राला सांगणं सोपं जातं, ते मधे बोलत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कुठं ठेवायचं?" भिंतीवर नको म्हटलं. त्यांनी एक पुठ्ठ्याची फाइल दिली. ती माझ्याजवळ आहे. पाहिजे तेव्हा उघडतो, पाहिजे तेव्हा बंद करतो.

अर्जुनानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "आज उत्तर दावायची ऱ्हायली की." खरंच राहिली होती.

सगळं बरं झालं असं समजू नकोस. रात्र अजून तशीच जाते. पण तू दार काढलंस ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. स्टेशनवर तू दोनदा आलीस. त्या दुपारी गाडीचा आवाज मीही ऐकला असणार.

जयराज


रहिमतपूर,
५ डिसेंबर २०२३

अहो,

तुमचं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. पूजाला वाचायला दिलं. तिनं वाचून घडी घातली आणि तुमचा युनिफॉर्ममधला फोटो पुसून परत लावला. ती तुमच्यावर गेलीय.

मी आता घरात कुणालाच "आहात का" म्हणत नाही. आबांना सुद्धा नाही. तोंडावर येतं आणि परत जातं. बायकोनं नवऱ्याला दुसरं काय म्हणून हाक मारायची ते मला सुचत नाही. सुचेपर्यंत थांबते.

आबांना मी सांगितलं. पत्र दिलं नाही, तोंडी सांगितलं, थोडं थोडं. ते ऐकत राहिले. मग धुळाचं घोंगडं अंगावरून काढलं, झटकलं, नीट घडी केली, मांडीवर घेतलं. म्हणाले, "त्येच्या आईला कुणी भेटलंय का?" मी म्हणाले, माहीत नाही.

सोबत एक कागद ठेवते आहे. पूजाच्या जुन्या खडूंच्या डब्यात पांढरा नवाच होता. तिलाही लहानपणी तो लागला नाही, कुणालाच लागत नसावा. मी खिडकीशी बसून लिहिलं. आपण काय लिहितोय ते लिहिताना दिसत नाही, हे विचित्र आहे. अंदाजानं हात न्यावा लागतो. तुम्ही अख्खा कडा कसा काढलात?

काय लिहिलंय ते इथं सांगत नाही. रंग द्या.

पाकीट चिकटवताना आबा समोर होते. "कोरा कागद कशाला?" म्हणाले. मी म्हणाले, "उत्तराला." ते म्हणाले, "तवा बी मला कळायचं, पोरी."

क्रांती


माधवनगर,
११ डिसेंबर २०२३
(पोस्टकार्ड)

सौ. क्रांतीस,

हे कार्ड मुद्दाम उघडं पाठवतो. आबांनी ते ओट्यावर मोठ्यानं वाचावं. मधलं काही गाळू नये.

मी खुशाल नाही. पण पूर्वीपेक्षा झोप लागते. गोळ्या चालू आहेत आणि पुढेही चालतील. महिन्यातून दोनदा इथं चित्रांच्या तासाला यायचं आहे. हा कोर्स नव्हे.

तुझ्या कागदाला निळा रंग दिला. कागदभर एकच शब्द वर आला, हाय. अक्षर थोडं तिरपं गेलं आहे. मी ज्याची वाट बघत होतो तो हाच शब्द. तो तुझ्याकडून यायचा होता हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतो. आटपाडीला राहीबाईंकडे जायचं आहे, आबांनी घोंगडं घेऊन सोबत यावं. तूही ये. दार गोठ्यातच राहू दे. सुरुवातीला मी ओट्यावरच झोपेन. तू आतून विचार, पूर्वी विचारायचीस तेच. मी उत्तर देईन.

जयराज